दोन तुटलेले स्पोक आणि एक न ठरवलेला मुक्काम : इंदूर ते वेरूळ सायकल प्रवासातले एक प्रकरण

पार्श्वभूमी

अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दीच्या वर्षात, डिसेंबरच्या मध्यावर, इंदूरच्या एका सायकल गटाने इंदूर ते वेरूळ असा पाच दिवसांचा प्रवास आखला. निघायचे होळकरांच्या राजवाड्यापासून आणि पोचायचे बाईंनी जीर्णोद्धार केलेल्या घृष्णेश्वराला. गटात बारा जण होते, तीन बायका आणि नऊ पुरुष, वय ३१ ते ६६. बहुतेक रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागातली मराठी मंडळी. इथे कोणाचेही नाव दिलेले नाही आणि ज्या गावात मुख्य प्रसंग घडला त्या गावाचेही नाही.

महामार्ग ५२, म्हणजे जुना आग्रा-मुंबई रस्ता, मानपूरच्या पुढे गणपती घाटातून निमाडात उतरतो. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांमुळे हा घाट कुप्रसिद्ध आहे. म्हणून पहिल्या दिवशी महूहून जाम घाट घेतला. वाटेत १७९१ सालचा जाम दरवाजा, मग उतार, मंडलेश्वर आणि महेश्वर असे सुमारे ९० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी धामनोदला महामार्ग गाठून खलघाटच्या पुलावरून नर्मदा ओलांडायची आणि ठिकरी, जुलवानिया करत सेंधव्याला मुक्काम, म्हणजे आणखी ९०. तिसरा दिवस बिजासन घाट उतरून शिरपूरमार्गे धुळे, चौथा चाळीसगाव-कन्नड आणि पाचव्या दिवशी दुपारी वेरूळ. कागदावर आखणी चोख होती.

सोबत एक लोडिंग गाडी होती. तिच्यात रजया, स्वयंपाकाचे सामान, दोन जादा टायर, सहा ट्यूब आणि अवजारांची मोठी पेटी. गटाची आपत्तीची सगळी तयारी या एका गाडीत भरलेली होती. वाटेतल्या माणसांची आखणीत नोंदच नव्हती. ती भेटतील, राम राम होईल, फोटो होतील, एवढेच गृहीत धरले होते.

एक चांगला निर्णय मात्र आधी सांगायला हवा. महेश्वर-धामनोद पट्ट्यात लोक त्यांना थांबवून चहा देऊ लागले, कारण डिसेंबर म्हणजे नर्मदा परिक्रमेचा भर हंगाम आणि सायकलवर झोळ्या लटकवलेली माणसे परकम्मावासी, म्हणजे परिक्रमा करणारी, वाटतात. दोन ठिकाणी सदाव्रताचा, म्हणजे परकम्मावासींना दान म्हणून दिला जाणारा, शिधाही पुढे आला. गटातल्या सर्वांत वडील काकांनी पहिल्याच ठिकाणी स्पष्ट सांगितले, "आम्ही परकम्मेत नाही, खलघाटला पूल ओलांडणार आहोत." नर्मदा ओलांडणारा परकम्मावासी असूच शकत नाही, हे निमाडातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. शिधा परत केला आणि चहा पाहुणे म्हणून घेतला. सदाव्रत फुकटचे जेवण नव्हे, ते कोणाच्या तरी नवसाचे असते.

अडचण

बिघाडाची सुरुवात खरे तर महेश्वरलाच झाली होती. एका हायब्रिड सायकलच्या मागच्या चाकातून चालताना बारीक 'टिक-टिक' येत होती. सायकल अशी : ७०० × ३५ टायर, ३२ स्पोकचे चाक, व्ही-ब्रेक, मागच्या चाकावर आठ दातेरी चक्रांची कॅसेट. स्वाराचे वजन ८६ किलो, शिवाय कॅरियरवर दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत ११ किलो. गाडी सोबत असताना पिशव्या सायकलवर कशाला? पुढे एकट्याने लांब जायचे आहे, म्हणून त्याला भाराची सवय करायची होती. कोणी हटकले नाही.

टिक-टिक चेनची असेल म्हणून तेल घातले. ती चेनची नव्हती. चेनचा आवाज पायडल थांबवले की बंद होतो, हा मात्र चाक नुसते फिरतानाही येत होता. सैल झालेले स्पोक एकमेकांना ओलांडतात तिथे घासले की असा आवाज येतो. जाम घाटाच्या उतारावरच्या खड्ड्यांनी ते सैल केले असावेत. स्पोक ओझ्याने एकदम तुटत नाही. सैल स्पोक चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ताणतो आणि ढिला पडतो, आणि चाकाच्या मध्यावरच्या हबच्या कडीत बसलेली त्याची वाकलेली मान हळूहळू थकते. मागच्या चाकावर भार जास्त, आणि कॅसेटच्या बाजूचे स्पोक जवळजवळ उभे बसवलेले असल्याने ताण त्यांच्यावर अधिक. म्हणून बहुतेक वेळा तुटतो तो कॅसेटमागचाच, जिथे हात पोचत नाही.

जुलवानियाला जेवण झाले. पावणेतीनला पहिला स्पोक 'टण्ण' करून गेला. रिम डोलू लागली आणि ब्रेकच्या रबरी गुटक्याला घासू लागली. स्वाराने मागचा ब्रेक मोकळा केला आणि "सेंधव्यापर्यंत जाईल" म्हणत पुढे निघाला. एक स्पोक गेला की त्याचा ताण शेजारच्यांवर येतो. चार किलोमीटरवर दुसरा गेला. आता टायरच फ्रेमला घासत होता, सायकल ढकलणेही जड. वाजले होते ३.२०, सेंधवा १८ किलोमीटर दूर, बाकीचा रस्ता चढाचा. डिसेंबरात तिकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

गटाचे तोवर दोन तुकडे झाले होते. पाच जण सात किलोमीटर पुढे आणि सात जण या सायकलपाशी. गाडी सेंधव्यात पोचलेली होती. तिला फोन लावला तर कळले, पुढच्या पाचांपैकी एकाला उलट्या सुरू झाल्या आहेत, गाडी मागे येऊन त्याला उचलून डॉक्टरकडे घेऊन गेली आहे. अडचणी दोन आणि गाडी एक.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गाडीची वाट पाहणे. डॉक्टरकडून सुटून गाडी कधी निघेल हे कोणी सांगू शकत नव्हते. त्यात चौपदरी रस्त्यावर दुभाजकातली फट सापडेपर्यंत पुढे जाऊन वळावे लागते, म्हणजे अंतर वाढते.

दुसरा, येणारी-जाणारी पिकअप थांबवणे. हे सोपे होते. कापसाचा हंगाम, सेंधवा जिनिंगचे गाव, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. एक चालक स्वतःहून थांबला आणि "साइकिल ऊपर डाल दो, पैसे नहीं चाहिए" म्हणाला. गटप्रमुखाने नाही म्हटले. कारण दिले, "अनोळखी माणूस आहे." आमच्या मते ही या प्रकरणातली सर्वांत महागात पडलेली चूक. गाडीचा नंबर टिपून, सोबत आणखी एक जण बसवून, सायकल सव्वाचारपर्यंत सेंधव्यात पोचली असती आणि उरलेले पाच उजेडात पोचले असते. चालक अनोळखी होता हे खरेच, पण रस्त्यावर भेटणारा प्रत्येक जण तसाच असतो. विचारायचे ते एवढेच, की या माणसावर आपण काय सोपवतो आहोत : एक सायकल, की रात्रीच्या वेळी एकटी व्यक्ती?

तिसरा, तिथेच दुरुस्ती. मागे अर्ध्या किलोमीटरवर फाटा होता आणि आत गावात त्या दिवशी हाट, म्हणजे आठवडी बाजार, भरलेला होता. चौथा, मुक्कामच करणे. तो त्या वेळी कोणाच्या मनातही नव्हता.

तिसरा निवडला.

हाटातली दुरुस्ती

हाटाच्या कडेला बाभळीखाली एक पंक्चर-दुकान होते. मिस्त्री विशीतला, बारेला या आदिवासी समाजातला. गटाशी हिंदीत आणि घरच्यांशी बारेलीत बोलणारा. गटातल्यांनी आल्याआल्या "७०० सी चाकाचा स्पोक आहे का" विचारले, आणि तो असणार नव्हताच. छोट्या गावात दोन-तीन मापेच मिळतात. त्यातले एक २८ इंची साध्या काळ्या सायकलचे, सुमारे १२ इंच लांब, म्हणजे ३०५ मिलिमीटर. या चाकाला कॅसेटच्या बाजूला लागत होते सुमारे २९० मिलिमीटर. शिवाय कॅसेट काढायची दातेरी किल्ली आणि चेनचा पट्टा, दोन्ही गाडीतल्या पेटीत.

पोराने तुटलेला तुकडा आपल्या स्पोकशेजारी धरला, कॅसेटमागे बोट घालून पाहिले आणि म्हणाला, "तीली तो है, नाप की नहीं है. बना दूँगा, पीछे का चक्कर खोलना नहीं पड़ेगा."

त्याने केले ते असे. लांब स्पोकचे डोके आणि वाकडी मान पकडीने कापून टाकली. उरलेल्या सरळ टोकाला पकडीतच दोन काटकोन दिले, इंग्रजी झेडसारखा आकडा, शेवटचा पाय जेमतेम ७-८ मिलिमीटर. डोके नसल्यामुळे हा आकडा हबच्या भोकात बाजूने सरकवता येतो. डोकेवाला स्पोक आत घालायला कॅसेट उतरवावी लागते, इथे ती अडचण राहत नाही. मग जुन्याच विणीप्रमाणे शेजारच्या स्पोकांच्या वर-खाली नेला. टायर-ट्यूब उतरवून जुने निपल, म्हणजे रिममधली स्पोक आवळायची चाकी, काढले आणि नव्या स्पोकसोबतचे घातले, कारण आटे जुळतीलच याचा भरवसा नसतो. निपलच्या वर आलेले टोक कानशीने घासले आणि वर ट्यूबच्या रबराची पट्टी लावली. ही पट्टी लावायची राहिली की दहा किलोमीटरवर आतून पंक्चर ठरलेले.

आउट, म्हणजे रिमचे डोलणे, काढायला स्टँड नव्हता. सायकल उलटी करून मागच्या ब्रेकचा गुटका रिमपासून केसभर अंतरावर आणला आणि तोच माप म्हणून वापरला. पाव-पाव फेरा, त्याहून जास्त नाही. ताण पाहण्यासाठी तो त्याच बाजूचे स्पोक बोटाने छेडत होता, नव्याचा आवाज शेजाऱ्याशी जुळेपर्यंत. दोन्ही आकड्यांचा आवाज थोडा खालचाच ठेवला. विचारल्यावर म्हणाला, जास्त ओढले तर आकडा सरळ होऊन निसटतो. मग स्पोक जोडी-जोडीने मुठीत दाबून चाक बसवून घेतले आणि पुन्हा एकदा आउट पाहिला. एकूण पन्नास मिनिटे.

हवेचा घोळ वेगळाच. हायब्रिडच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह, दुकानातला कॉम्प्रेसर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचा. पितळी अडॅप्टर बारा जणांत एका ताईकडेच होता, सुदैवाने ती या सातांत होती. हा अडॅप्टर नखाएवढा असतो आणि प्रत्येकाच्या व्हॉल्व्हवर कायम चढवून ठेवता येतो.

मजुरी दोन स्पोकसकट ८० रुपये. स्वाराने पाचशेची नोट देऊन "राहू दे" म्हटले. पोराने ४२० मोजून हातावर ठेवले. तिथे गटातल्या एका ताईने शहाणपण केले : तसेच आणखी चार आकडे बनवून मागितले आणि त्याचे पैसे दिले. कामाचे पैसे त्याने लगेच घेतले.

हाटातला दुसरा प्रसंग

चाक होईपर्यंत सहा माणसे रिकामी, समोर भरलेला हाट. एकाने चांदीचे दागिने घातलेल्या बायकांचे मोबाइलवर चित्रीकरण सुरू केले, जवळ जाऊन, न विचारता. दुसऱ्या मिनिटाला एका तरुणाने त्याचे हँडल धरले. गर्दी जमली. गटातल्या दुसऱ्याने प्रसंग मिटवायला म्हणून शंभराची नोट काढली आणि आवाज आणखी चढले.

मिटवले ते मिस्त्रीच्या काकाने आणि गटप्रमुखाने. गटप्रमुखाने हात जोडून "गलती हमारी है" एवढेच म्हटले, कारणे दिली नाहीत. मोबाइल त्या तरुणाच्या समोर धरून चित्रीकरण पुसले, आणि 'हटवलेले' या खणातूनही पुसले. हे दुसरे पाऊल तरुणानेच सुचवले. त्याला मोबाइलची माहिती चित्रीकरण करणाऱ्यापेक्षा जास्त होती. नोट का चिघळवते, तेही उघड आहे. तक्रार मानाची असताना पैसा दाखवला की तो मानाची किंमत लावल्यासारखा दिसतो.

पुढे जाणे की थांबणे

साडेचारला सायकल तयार झाली, पण हा प्रसंग आणि चहा यांत पाच वाजले. उरलेले १८ किलोमीटर, चढ धरून सव्वा ते दीड तास. सातांपैकी मागचे लाल दिवे दोघांकडेच. तरी चौघांचे मत "निघू, पांढरी पट्टी धरून जाऊ" असे होते. थांबायची भीती वेगळी होती, अनोळखी आदिवासी गाव, रात्र. ती उघड कोणी बोलले नाही, पण तिचे वजन होतेच.

गावच्या कोटवाराने, म्हणजे कोतवालाने, ती ओळखली असावी. तो म्हणाला, "अँधेरे में डाकू नहीं मारेगा, ट्रॉली मारेगी." मग त्याने तपशील दिला. कापसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, माल रस्त्याच्या अर्ध्यापर्यंत बाहेर आलेला असतो, आणि दुभाजकाची फट दूर पडते म्हणून त्या कडेच्या पट्टीवरूनच उलट्या येतात. म्हणजे सायकलवाला सुरक्षित समजतो नेमक्या त्याच पट्टीवर. ही माहिती कोणत्याही नकाशात नव्हती. निर्णय तिथे फिरला.

मग सगळे रीतसर झाले. कोटवाराने सरपंचांना फोन करून पंचायत भवनाची खोली उघडली, सातही जणांची नावे आणि आधार क्रमांक वहीत लिहिले, पोलिस चौकीला कळवले. बायकांसाठी आतली खोली. गाडी साडेसातला रजया घेऊन आली आणि परत गेली. गाडीतून चार जणांना तरी सेंधव्याला न्यावे असा आग्रह झाला, तो मानला नाही, हे बरे झाले. गटाचे आधीच दोन तुकडे होते, तिसरा पाडण्यात अर्थ नव्हता.

जेवण कोटवाराच्या घरी : मक्याची भाकरी, उडदाची डाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवणाचे पैसे तो घेणार नाही हे पाचशेच्या नोटेवरून कळले होते. म्हणून अंधार पडायच्या आत हाट उठण्यापूर्वी दोघांनी जाऊन पाच किलो मक्याचे पीठ, दोन किलो डाळ आणि एक लिटर तेल आणून घरात दिले. सात माणसांना लागते त्याहून हे जास्त होते आणि ते तसेच असायला हवे. "आमचा शिधा" म्हणून दिले, आणि कोटवाराच्या बायकोने काही न बोलता डब्यात ओतून घेतले.

निकाल

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला निघून सेंधव्यात बाकीचे भेटले. उलट्या झालेला स्वार सावरला होता. धुळे गाठणे आता शक्य नव्हते, म्हणून शिरपूरला मुक्काम केला. आकडे लावलेल्या चाकाने बिजासन घाट उतरायचा नाही, हे गटप्रमुखाने ठामपणे ठरवले आणि ती सायकल गाडीत घातली. पिशव्याही कायमच्या गाडीत गेल्या. चौथ्या दिवशी शिरपूर-धुळे-चाळीसगाव सुमारे ११० किलोमीटर, आणि पाचव्या दिवशी कन्नडचा घाट चढून वेरूळ. दुपारऐवजी संध्याकाळी पोचले, दिवस मात्र वाया गेला नाही.

हाटातल्या प्रसंगानंतर वागणे बदलले होते. शिरपूरच्या पुढे शेताच्या बांधावरून कोणी अहिराणीत "कथा जाई राहिनात?" (कुठे चाललात?) विचारले की आता सायकली थांबत. इंदुरी मराठीला खानदेशात हसू मिळाले, पण धुळ्याच्या दुकानाचा पत्ता, चाळीसगावचा मुक्काम आणि घाटातला पाण्याचा झरा हे तिन्ही अशा थांबण्यातूनच कळले.

धुळ्यातल्या दुकानातही ७०० सीचे स्पोक नव्हते. तिथल्या मिस्त्रीने फक्त आउट पाहिला आणि आकड्यांना हात लावला नाही. वाटेत दोनदा पाव फेरा आवळावा लागला. इंदूरला परतून चाक खोलले तेव्हा कॅसेटच्या बाजूच्या आणखी तीन स्पोकांच्या मानेवर चीर सापडली. दोन्ही आकडे जागेवर होते.

वेगळे काय करता आले असते

पहिली संधी महेश्वरला होती. सकाळी निघण्यापूर्वी प्रत्येक चाकाचे स्पोक दोन-दोन मुठीत दाबून पाहायला दोन मिनिटे लागतात. सैल लागले की तिथेच आवळायचे आणि भार उतरवायचा. दुसरी, पहिला स्पोक तुटल्यावर. तिथेच थांबून पिशव्या इतरांत वाटल्या असत्या आणि तुटलेला स्पोक शेजारच्याभोवती गुंडाळून हळू चालवले असते, तर दुसरा कदाचित टिकला असता. ते चार किलोमीटर फार महाग पडले.

सामानाबद्दल : स्वतःच्या चाकाच्या मापाचे स्पोक, मागचे डावे-उजवे आणि पुढचे असे दोन-दोन, चिकटपट्टीने फ्रेमलाच बांधलेले असावेत. आउट काढायची चावी, कॅसेटची किल्ली आणि अडॅप्टर गाडीत ठेवायचे नाहीत. ते सर्वांत मागच्या स्वाराकडे हवेत, कारण बिघडलेली सायकल नेहमी मागेच राहते. लाल दिवा प्रत्येकाला, दिवसा निघतानाही. आधारच्या छायाप्रती कोरड्या पाकिटात.

गटात एकमत झाले नाही ते एका बाबतीत. पुढच्या पाच जणांनी मागे यायला हवे होते का? काहींच्या मते सात किलोमीटर उतारच होता, वीस मिनिटांचे काम, आणि त्यांच्यात तीन लाल दिवे होते. पण आजाऱ्याला गाडीत घातल्यावर उरलेले चार मागे आले असते तर अकरा माणसे त्या एका खोलीत मावली नसती, आणि सेंधव्यात आजाऱ्याजवळ कोणी राहिले नसते. गटप्रमुखाने पुढच्या प्रवासासाठी नियम केला आहे : पहिला आणि शेवटचा यांच्यात तीन किलोमीटरहून जास्त अंतर पडू द्यायचे नाही, प्रत्येक फाट्यावर थांबून डोकी मोजायची. वेगाने चालवणाऱ्या दोघांनी त्या प्रवासातून नाव काढून घेतले आहे.